येळ्ळूरच्या जुन्या लॅपटॉपवर लिनक्स बसवताना डिस्कची वाटणी कशी केली

2025 च्या दिवाळीनंतरची गोष्ट आहे, सुगी चालू होती, बेळगावजवळच्या येळ्ळूरच्या शिवारात भात कापून पडलेलं आणि सगळ्यांची मळणीची घाई, अशात एका संध्याकाळी सातच्या सुमारास ओळखीतल्या एका काकांच्या पुतण्याचा फोन आला. "दादा, स्क्रीनवर कायतर आलंय, यस दाबू काय नो दाबू?" मी म्हटलं आधी वाच काय लिहिलंय ते. त्यानं थांबत थांबत वाचलं, की तुम्ही निवडलेल्या कामामुळं ही बेसिक डिस्क डायनॅमिक डिस्क होईल, आणि एकदा तसं झालं की सध्याचा बूट व्हॉल्यूम सोडून या डिस्कवरच्या दुसऱ्या कुठल्याच व्हॉल्यूमवरून ऑपरेटिंग सिस्टीम चालू करता येणार नाही, तरी पुढं जायचं काय. मी म्हटलं नो दाब, मशीन बंद कर, मी येतोय. वडगावातून येळ्ळूर रस्त्यानं गेलं की फार वेळ लागत नाही, एक्स्टर्नल हार्ड डिस्क आणि दोन पेनड्राइव्ह पिशवीत टाकले आणि निघालो.

हे सगळं सविस्तर लिहितोय कारण आपल्या भागात असे लॅपटॉप घरोघरी आहेत, आणि नेमकी हीच खिडकी, हाच यस-नो, बऱ्याच जणांपुढं येणार आहे.

लॅपटॉप 2012 चा. तिसऱ्या जनरेशनचा आय-थ्री, 4 जीबी रॅम, 500 जीबीची जुन्या पद्धतीची फिरणारी हार्ड डिस्क. घेतला तेव्हा विंडोज 7 होतं, मग 2015 ला मायक्रोसॉफ्टनं फुकट अपग्रेड दिलं तेव्हा विंडोज 10 झालं आणि तेव्हापासून तसंच चाललंय. 14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चा सपोर्ट संपला, आणि विंडोज 11 ला टीपीएम 2.0 ही सुरक्षेची चिप लागते, इंटेल असेल तर आठव्या जनरेशनपासून पुढचा प्रोसेसर लागतो, म्हणजे ते ह्या मशीनवर नियमात बसतच नाही. काकांची मुलगी व्हीटीयूच्या (विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाच्या) एका कॉलेजात कॉम्प्युटर सायन्सला, तिसऱ्या सेमिस्टरला ऑपरेटिंग सिस्टीम हा विषयच आहे, लॅबमध्ये सगळं उबंटूवर, म्हणजे लिनक्सच्याच एका प्रकारावर, आणि घरी प्रॅक्टिसला काही नाही. नवीन लॅपटॉप भाताचे पैसे हातात आल्याशिवाय शक्य नाही. एका दुकानात विचारलं तर "सगळं फॉरमॅट मारून लिनक्स टाकून देतो, तासाभराचं काम" असं उत्तर मिळालं.

फॉरमॅट मारून देतो हे वाक्य ऐकलं की मला खरंच त्रास होतो. त्या डिस्कवर काय होतं सांगतो. काकांच्या जमिनीचे स्कॅन केलेले उतारे आणि मोजणीचे नकाशे, थोरल्या मुलाचा दूध डेअरीचा टॅलीमधला हिशोब, आणि आजी जात्यावर बसून ओव्या म्हणतेय त्याचे अकरा व्हिडिओ. आजी तीन वर्षांपूर्वी गेली. त्या व्हिडिओंची दुसरी कॉपी कुठंच नव्हती, मोबाईल केव्हाच बदलला होता. अशा डिस्कला हात लावताना तासाभराचं काम म्हणून चालत नाही.

पुतण्यानं तसं बरंच काही बरोबर केलं होतं हे आधी सांगायला पाहिजे. लिनक्स मिंट 22 ची एक्सएफसीई, म्हणजे हलक्या डेस्कटॉपची, आवृत्ती त्यानं निवडली होती, उबंटू 24.04 वर बेतलेली, 2029 पर्यंत अपडेट मिळणार, आणि 4 जीबी रॅमवर एक्सएफसीई बऱ्यापैकी पळतं. फाइल उतरवून तिचा चेकसम, म्हणजे ती नीट उतरलीय का ते तपासायचा आकडा, जुळवून बघितला, रुफस नावाच्या प्रोग्रॅमनं बूट होणारा पेनड्राइव्ह बनवला. मग विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन सी ड्राइव्ह श्रिंक केला, म्हणजे आकसला. त्याला 200 जीबी पाहिजे होते पण विंडोज 112 च्या वर द्यायला तयार नाही, म्हणून त्यानं 102400 एमबी म्हणजे बरोबर 100 जीबी टाकले आणि तेवढी जागा मोकळी झाली. (सी मध्ये अडीचशे जीबी रिकामे असून विंडोज एवढंच का देतं असं त्यानं नंतर विचारलं. हायबरनेशनची फाइल, पेजफाइल, एनटीएफएस ह्या विंडोजच्या फाइल सिस्टीमचा स्वतःचा फाइल टेबल, असल्या काही फाइली विंडोज चालू असताना जागच्या हलत नाहीत, त्यातली एखादी मधेच बसलेली असली की तिच्यापर्यंतच आकसता येतं. हायबरनेशन आणि पेजफाइल तात्पुरती बंद करून परत श्रिंक केलं तर बऱ्याचदा जास्त मिळतं. पण मिंटला कमीत कमी 20 जीबी लागतात आणि 100 असले तर आरामात, त्यामुळं आम्ही तिथंच थांबलो.)

मग पेनड्राइव्हवरून मिंट चालू केलं, इन्स्टॉलर उघडला, आणि तिथं ती 100 जीबी मोकळी जागा दिसतेय पण तिच्यापुढं लिहिलंय अनयुजेबल. वापरता न येणारी. अधिकचं बटण दाबावं तर ते दबत नाही. त्यानं दोनदा मशीन रिस्टार्ट करून बघितलं, तसंच. मग त्याला वाटलं आपण विंडोजमध्येच त्या जागेचा नवीन ड्राइव्ह बनवू आणि मग त्यावर लिनक्स टाकू, म्हणून परत विंडोजमध्ये जाऊन न्यू सिंपल व्हॉल्यूम केलं, नेक्स्ट नेक्स्ट करत गेला, आणि शेवटी ती डायनॅमिक डिस्कची खिडकी आली. तिथं त्यानं फोन केला. यस दाबलं असतं तर विंडोज चालूच राहिलं असतं, कुणाला काही कळलंही नसतं, पण डिस्कवरची सगळी वाटणी मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या पद्धतीत गेली असती, जीपार्टेड ह्या लिनक्समधल्या वाटणीच्या टूलला ती बदलता येत नाही, मिंटच्या इन्स्टॉलरलाही नाही, आणि परत बेसिक करायचं तर विंडोजचं स्वतःचं टूल म्हणतं आधी सगळे व्हॉल्यूम डिलीट करा. म्हणजे फिरून फॉरमॅट.

घरी पोचलो तेव्हा सोप्यात भाताची पोती रचलेली आणि लॅपटॉप खाटेवर. आधी पेनड्राइव्हवरून मिंट लाइव्ह, म्हणजे डिस्कवर न बसवता, चालू केलं आणि जीपार्टेड उघडलं, काही न बदलता नुसतं बघायला. जीपार्टेडमध्ये वर एक आडवी पट्टी येते, ती म्हणजे अख्खी डिस्क, डावीकडून सुरुवात आणि उजवीकडे शेवट. ती पट्टी मी मुलीला आणि पुतण्याला नीट बघायला लावली. डावीकडं एक अगदी बारीक तुकडा, 199 एमबी, नाव सिस्टम, तो एसडीए 1 (लिनक्स पहिल्या डिस्कला एसडीए म्हणतं, पुढचा आकडा हिस्स्याचा). मग मोठा सी ड्राइव्ह, आता 349 जीबी राहिलेला, एसडीए 2. मग राखाडी रंगाचा 100 जीबीचा मोकळा पट्टा. त्याच्यापुढं रिकव्हरी, साधारण साडेसोळा जीबी, एसडीए 3. आणि एकदम शेवटी 103 एमबीचा आणखी एक तुकडा, कंपनीनं दिलेल्या तपासणीच्या टूल्सचा, एसडीए 4. मी विचारलं मोजा किती झाले. चार. ह्या चारमध्येच सगळा घोळ होता, जागेचा प्रश्नच नव्हता.

डिस्कवर वाटणी कशी लिहिलेली असते ते इथं सांगायला पाहिजे. ही डिस्क जुन्या एमबीआर पद्धतीची. डिस्कचा सगळ्यात पहिला सेक्टर 512 बाइटचा असतो, त्यातले पहिले 446 बाइट मशीन चालू करणाऱ्या कोडला, मग 64 बाइट वाटणीच्या तक्त्याला, आणि शेवटचे 2 बाइट खूण म्हणून. त्या 64 बाइटमध्ये एकेका पार्टिशनची, म्हणजे हिस्स्याची, नोंद 16 बाइटची. सोळा चोक चौसष्ट, संपलं, पाचवी नोंद लिहायला जागाच नाही. हे 1983 सालचं आहे, पीसी डॉस 2.0 च्या वेळचं, तेव्हा आयबीएमच्या पीसी एक्सटीत 10 एमबीची हार्ड डिस्क असायची, त्या 10 एमबीचे चारपेक्षा जास्त तुकडे कोण कशाला करेल. आणि 2012 च्या ह्या लॅपटॉपमध्ये तोच तक्ता, आणि चारही रांगा कारखान्यातूनच भरून आलेल्या.

काका मागं उभं राहून ऐकत होते, त्यांना कॉम्प्युटरचं काही माहीत नाही पण वाटणीचं सगळं माहीत.

"म्हणजे उताऱ्यावर चारच नावं बसतात म्हण की."

"हो काका, चारच."

"रान मोकळं पडलंय पण नाव चढवायला जागा न्हाई."

"बरोबर."

"मग पाचव्याला कसं देतेत?"

मी म्हटलं, चारातलं एक नाव कमी करायचं, त्या जागी एक मोठा सामाईक हिस्सा लिहायचा आणि त्याच्या पोटात पाहिजे तेवढे पोटहिस्से पाडायचे. काका म्हणाले, "मग असं बोल की, पोडी करायची." एक्स्टेंडेड आणि लॉजिकल पार्टिशन हे मी आजवर कितीतरी जणांना समजावलंय, पण एका शब्दात असं कधी सांगता आलं नव्हतं. आमच्या भागात सर्व्हे नंबरचे हिस्से वेगळे पाडले की पोडी झाली म्हणतात, आणि एक्स्टेंडेड म्हणजे हुबेहूब तेच. मुख्य तक्त्यात त्याची नोंद एकच, आणि आतले हिस्से त्याच्या स्वतःच्या पोटात लिहिलेले, त्यांचे नंबर नेहमी पाचपासून सुरू होतात, एसडीए 5, एसडीए 6 असे, मुख्य रांगा भरल्या असोत वा नसोत.

मग कुठलं नाव कमी करायचं ह्यावर बराच वेळ गेला, आणि गेला ते बरंच झालं.

पुतण्याचं म्हणणं होतं पहिला सिस्टम उडवू, 199 एमबीचाच तर आहे. हीच चूक लोक सगळ्यात जास्त करतात, तुकडा बारीक म्हणजे बिनकामाचा असं समजून. विंडोजला उठवणारा बूट मॅनेजर त्या बारक्या तुकड्यात असतो, तो गेला की सी ड्राइव्ह जसाच्या तसा असून विंडोज उठत नाही. त्याला हात नाही. सी ला तर नाहीच. रिकव्हरी उडवायचा विचार मी पण केला, कारण त्यात विंडोज 7 ची कारखान्यातली प्रत होती, आज तिचा उपयोग जवळजवळ नाही, आणि वर साडेसोळा जीबी मिळाले असते. पण घरातल्यांना ती ठेवायची होती आणि अडत पण नव्हतं, म्हणून राहू दिली, फक्त सगळ्यांना बजावलं की चालू करताना चुकून रिकव्हरीचं बटण दाबून फॅक्टरी रिसेट कुणी करायचं नाही, ते मशीनला विकत आणलेल्या दिवसासारखं करायला बघतं आणि नंतरचं सगळं जाऊ शकतं. राहिला शेवटचा 103 एमबीचा. त्यात रॅम आणि डिस्क तपासायची कंपनीची टूल्स, साध्या फॅट 32 मधल्या फाइली, पेनड्राइव्हवर कॉपी केल्या की झालं. तोच काढायचा ठरलं.

मुलीनं एक चांगला प्रश्न विचारला, की डिस्कच जीपीटी ह्या वाटणीच्या नव्या पद्धतीत का बदलू नये, त्यात 128 पार्टिशन चालतात असं तिनं कॉलेजमध्ये ऐकलं होतं. बरोबर ऐकलं होतं. विंडोज 10 मध्ये त्यासाठी एमबीआर-टू-जीपीटी नावाचं टूल पण आहे. पण त्याची अट अशी की मुख्य पार्टिशन जास्तीत जास्त तीनच पाहिजेत, शिवाय जीपीटीवरून विंडोज उठवायचं तर मशीन यूईएफआयमध्ये, म्हणजे चालू व्हायच्या नव्या पद्धतीत, चालवावं लागतं, आणि 2012 च्या सुमाराच्या मशीनमधल्या यूईएफआयवर माझा भरवसा नाही. चालणाऱ्या गाडीचं इंजिन कशाला उतरवायचं.

पुतण्याच्या डोक्यात आणखी एक होतं, की मोकळी जागा मधे अडकलीय तर रिकव्हरी डावीकडं सरकवून घेऊ म्हणजे मोकळं सगळं शेवटी एकत्र येईल, जीपार्टेडमध्ये माऊसनं ओढलं की होतंय. होतं, हे खरं आहे. पण पार्टिशनचा उजवा काठ हलवणं आणि डावा काठ हलवणं ह्यात फार फरक आहे. उजवा काठ हलवला की फाइल सिस्टीमला कमी-जास्त व्हावं लागतं एवढंच. डावा काठ हलवला की आतला एकूण एक बाइट उचलून नवीन जागी ठेवावा लागतो, मोठ्या पार्टिशनला तासन् तास लागतात, आणि मधे मशीन बंद पडलं तर अर्धं इकडं अर्धं तिकडं. ह्या लॅपटॉपची बॅटरी दहा मिनिटं पण धरत नाही. काका म्हणाले बांध सरकवायचा नाही, आहे त्या रानात पोडी करायची. आणि तेच खरं होतं, पोटहिस्से मधल्या पट्ट्यात पण बसतात, फक्त तो पट्टा सलग पाहिजे.

ठरलं सगळं, पण काही करायच्या आधी कॉपी. लाइव्ह मिंटमधूनच सी ड्राइव्ह उघडायला गेलो तर फक्त वाचता येईल असा उघडला. ह्याचं कारण विंडोज 10 चं फास्ट स्टार्टअप. आपण शटडाऊन करतो पण विंडोज पूर्ण बंद होत नाही, अर्धवट झोपतं, आणि ड्राइव्हवर तशी खूण ठेवतं, ती बघून लिनक्स म्हणतं मी ह्यात लिहिणार नाही. शहाणपणाचं आहे ते, झोपलेल्या विंडोजच्या ड्राइव्हवर बाहेरून काही लिहिलं तर विंडोज उठल्यावर फाइली खराब होऊ शकतात. कॉपीला वाचता आलं तरी पुरे. 62 जीबी निघालं घरच्यांचं, बाकी सगळं विंडोज आणि प्रोग्रॅम. एक्स्टर्नल डिस्क लावली आणि कॉपी चालू केली आणि वीसेक मिनिटांत करंट गेला.

लॅपटॉप लगेच बंद. सोप्यात अंधार, काकूंनी चिमणी लावली. मी पुतण्याला म्हटलं, आता ह्या घडीला रिकव्हरी सरकत असती तर. तो काही बोलला नाही. सव्वा तासानं करंट आला, तोवर चहा झाला, जेवण पण झालं. मग कॉपी पहिल्यापासून परत केली, पाऊण तास लागला, आणि आजीचे अकराही व्हिडिओ एक्स्टर्नल डिस्कवरून उघडून, थोडा थोडा आवाज ऐकून बघितले. नुसती फाइल दिसते म्हणजे कॉपी झाली असं मी धरत नाही. चौथ्या व्हिडिओत आजी ओवी थांबवून कुणालातरी म्हणते "पोरा, सूप आण की", ते ऐकून काकू उठून आत गेल्या.

रात्री पुढं जायचं नाही असं मीच ठरवलं. दुसऱ्या दिवशी रविवार, सकाळी नऊला परत गेलो, येताना मित्राचा यूपीएस घेऊन.

आधी विंडोजमध्ये जाऊन फास्ट स्टार्टअप आणि हायबरनेशन दोन्ही बंद केलं, सी ड्राइव्हवर चेक डिस्क चालवून घेतलं, आणि मशीन पूर्ण शटडाऊन. डिस्कची स्मार्ट माहिती, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती नोंद, पण बघितली, रिअलोकेटेड (खराब म्हणून बदललेले) सेक्टर शून्य, पेंडिंग (संशयित) सेक्टर शून्य, तेरा वर्षांच्या डिस्कला हे चांगलंच आहे. तिथं आकडे वाढलेले दिसले असते तर मी वाटणीला हातच लावला नसता, नवीन एसएसडी घ्या म्हटलं असतं.

मग पेनड्राइव्हवरून बूट. बूट मेनूमध्ये एकच पेनड्राइव्ह दोनदा दिसतो, एकाच्या पुढं यूईएफआय लिहिलेलं आणि एक साधा. इथं साधा निवडायचा, कारण विंडोज जुन्या लेगसी पद्धतीनं बसलंय आणि दोघं एकाच पद्धतीत असले पाहिजेत, एक यूईएफआयमध्ये आणि एक लेगसीत असं झालं की दरवेळी बायोसमध्ये जाऊन बदलत बसावं लागतं. कुठल्या पद्धतीनं चालू झालंय ते लिनक्समध्ये लगेच कळतं, सिस्टीमच्या फर्मवेअर फोल्डरमध्ये ईएफआय नावाचं फोल्डर असलं तर यूईएफआय, नसलं तर लेगसी. नव्हतं.

काही बदलायच्या आधी एसएफडिस्क कमांडनं जुन्या वाटणीचा तक्ता एका साध्या टेक्स्ट फाइलमध्ये उतरवून घेतला. वीस ओळींची पण नसते ही फाइल, पण कुठला हिस्सा कितव्या सेक्टरपासून सुरू होतो आणि किती लांब आहे सगळं तिच्यात. हिस्सा चुकून डिलीट झाला आणि त्या जागेवर अजून दुसरं काही लिहिलं गेलं नसलं, तर ह्या फाइलवरून तक्ता परत जसाच्या तसा लिहिता येतो, डेटा जागेवरच असतो. ती फाइल एक्स्टर्नल डिस्कवर ठेवली आणि स्क्रीनचा मोबाईलवर फोटो पण काढला. पहिला 512 बाइटचा सेक्टर पण वेगळा काढून ठेवला. ह्या सगळ्याला दोन मिनिटं लागतात आणि मी हे केल्याशिवाय कधीच पुढं जात नाही.

मग जीपार्टेडमध्ये 103 एमबीवाल्याच्या फाइली पेनड्राइव्हवर घेऊन तो डिलीट केला, मधल्या 100 जीबीच्या पट्ट्यावर नवीन, प्रकार एक्स्टेंडेड. जीपार्टेडचं एक फार चांगलं आहे, तुम्ही काहीही करा ते नुसतं यादीत साठत राहतं, वरचं हिरवं टिकमार्कचं बटण दाबेपर्यंत डिस्कवर काहीच होत नाही. मुलीला म्हटलं तू यादी मोठ्यानं वाच. तिनं वाचली, एक डिलीट, एक क्रिएट, दोन्ही एसडीएवर. मग तिनंच बटण दाबलं. काही सेकंदांत झालं.

इन्स्टॉलर उघडला, समथिंग एल्स निवडलं. वरचा विंडोजच्या शेजारी बसवायचा पर्याय पण असतो पण असल्या भरलेल्या डिस्कवर मी स्वतःच्या हातानं करतो. आता तीच जागा फ्री स्पेस म्हणून दिसत होती, अनयुजेबल गेलं. पण पुतण्या म्हणाला दादा हे बघा, आपण 102400 काढलेलं आणि इथं 107373 दिसायलंय, पाच हजार कुणाचे आले? कुणाचेच नाहीत. विंडोज 1024 च्या हिशोबानं मोजतं आणि हा इन्स्टॉलर 1000 च्या, जागा तीच. 500 जीबीची डिस्क विंडोजमध्ये 465 दिसते ते पण ह्याच हिशोबानं.

त्या पट्ट्यात तीन पोटहिस्से पाडले, तिन्ही लॉजिकल. 40000 एमबी रूटला, म्हणजे सिस्टीमला, ईएक्सटी 4 ह्या लिनक्सच्या फाइल सिस्टीममध्ये. 4000 स्वॅपला, म्हणजे रॅम कमी पडली तर लागणाऱ्या जागेला. राहिलेलं त्रेसष्ट हजाराच्या आसपास होमला, म्हणजे मुलीच्या फाइलींना, तो पण ईएक्सटी 4. नवीन मिंट स्वॅप फाइलवर पण चालतं, वेगळा हिस्सा लागतोच असं नाही, पण 4 जीबी रॅम आणि मुलगी कंपायलर, ब्राउझर सगळं एकदम उघडणार, म्हणून दिला. होम वेगळं ठेवायचं कारण एवढंच, उद्या तिनं शिकता शिकता सिस्टीम बिघडवली, आणि शिकताना बिघडलीच पाहिजे, तर रूट फॉरमॅट करून परत टाकता येतं आणि तिच्या फाइली जागेवर राहतात.

खाली बूट लोडर, म्हणजे सिस्टीम उठवणारा प्रोग्रॅम, कुठं टाकायचा त्याची एक यादी असते, तिथं घाई करू नका. एसडीए निवडायचं, नुसतं एसडीए, पुढं आकडा नाही, आणि पेनड्राइव्ह जो एसडीबी म्हणून दिसतो तो तर अजिबात नाही. नाहीतर पेनड्राइव्ह काढला की मशीन लिनक्समध्ये उठतच नाही आणि लोक म्हणतात लिनक्स बसलं नाही. ग्रब, म्हणजे मिंटचा बूट लोडर, त्या पहिल्या सेक्टरच्या 446 बाइटमध्ये स्वतःची सुरुवात लिहितं आणि बाकीचं पहिल्या पार्टिशनच्या आधीच्या रिकाम्या पट्टीत. विंडोजचा बूट मॅनेजर सिस्टमवाल्या बारक्या तुकड्यात तसाच राहतो आणि ग्रब त्याला हाक मारतं. तरी विंडोजचा पेनड्राइव्ह आम्ही आधीच करून ठेवला होता, वेळ पडली तर त्यावरून विंडोजचा जुना बूट कोड परत लिहिता येतो.

इन्स्टॉलला पस्तीस मिनिटं लागली. रिस्टार्ट केल्यावर ग्रबचा मेनू आला, वर मिंट आणि खाली विंडोज. आधी विंडोज उघडायला लावलं, टॅली उघडली, डेअरीचा कालपर्यंतचा हिशोब दिसला, मग मिंट. वायफाय दिसत नव्हतं, मोबाईल यूएसबीनं जोडून इंटरनेट दिलं, ड्रायव्हर मॅनेजरनं ड्रायव्हर आणला, झालं.

त्यादिवशी रात्री काकांचा स्वतः फोन. "बाळा, घड्याळ बिघडलं ओ. नऊ वाजून दहा मिनिटं झाल्यात आणि हे चार वाजायला वीस कमी दाखवतंय." विंडोजमध्ये बघत होते. हे मी सांगायला विसरलो होतो, सांगायला पाहिजे होतं. विंडोज मशीनच्या घड्याळात आपली भारतीय वेळ ठेवतं, लिनक्स तिथं जागतिक वेळ लिहितं आणि दाखवताना साडेपाच तास मिळवतं, म्हणून मिंट वापरून मग विंडोजमध्ये गेलं की बरोबर साडेपाच तास मागं. टॅलीत तारीख-वेळ चुकली तर हिशोब चुकतो, त्यामुळं हे लगेच नीट केलं, मुलीला फोनवरच कमांड सांगितली, टाइमडेट-सीटीएलनं मिंटलाच सांगायचं की तू पण स्थानिक वेळ धर.

आणखी एक गोष्ट तिला दाखवली ती मला स्वतःला फार आवडते. घरी मराठी लागतं आणि पंचायतीच्या अर्जाला कन्नड लागतं. मिंटमध्ये दोन्हीचे इनस्क्रिप्ट कीबोर्ड टाकले. इनस्क्रिप्ट सगळ्या भारतीय लिप्यांना एकाच आराखड्यावर केलेलं आहे, क ची जागा तीच, शिफ्ट दाबून ळ ची जागा तीच, जोडाक्षराची की पण तीच. येळ्ळूरमधला ळ्ळ तिनं आधी मराठीत टाइप केला, मग लिपी बदलून तीच बोटं परत चालवली आणि कन्नडमध्ये ळ्ळ उमटला. ते बघून ती थोडा वेळ नुसती टाइपच करत बसली.

महिन्याभरानं जाऊन बघितलं. होममध्ये 18 जीबी भरलेत, विंडोज दोन्ही-तिन्ही वेळा नीट उठलंय, आजीचे व्हिडिओ आता तीन ठिकाणी आहेत. बॅटरी बदलायची राहिलीय.

आणि गेल्या आठवड्यात पुतण्याचा मेसेज आला, त्याच्या स्वतःच्या नवीन लॅपटॉपच्या डिस्क मॅनेजमेंटचा फोटो, खाली लिहिलं होतं "अजून कशालाच हात लावलेला नाही, आधी बघा." त्याचं प्रकरण वेगळं आहे. डिस्क जीपीटी, म्हणजे चारची भानगड नाही, पण सुरुवातीला 100 एमबीचं ईएफआय पार्टिशन आहे ते फॉरमॅट करायचं नाही, मिंटला तेच वापरायला द्यायचं. शिवाय सी ड्राइव्हपुढं बिटलॉकर एन्क्रिप्टेड लिहिलंय, म्हणजे ड्राइव्ह कुलूपबंद आहे. मी कळवलंय की आधी मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये जाऊन 48 आकड्यांची रिकव्हरी की शोध आणि कागदावर उतरवून घे, त्याशिवाय श्रिंक पण करू नको, की हातात आली की मला फोन कर.